भेगेच्या तोंडाशी

नाही काका, त्या स्फटिकावर होती ती घाण नव्हती. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, कबूल. पण चेहऱ्यावर दुसरं काय लिहिलंय? पिवळसर, पापुद्र्यांची, नखानं खरवडली तर सुटून येणारी — दिसायला घाणच, तेही कबूल. पण ते खनिज होतं. बिस्मथचं कार्बोनेट. आपल्या खोऱ्यातून त्याची नोंद आजवर कुणी केलेली नाही — म्हणजे मी जेवढं वाचलंय त्यात तरी नाही. काही नजरेतून सुटलं असेल, म्हणून ‘कधीच नाही’ असं मी म्हणणार नाही. आणि तुम्ही काय केलंत? बाबांनी काढलेला तो अख्खा स्फटिक ॲसिडच्या बादलीत बुडवून ठेवलात.

हो, माहितेय, इथं सगळेच ठेवतात. गंज जावा, चुना जावा, आतला धुरकट स्फटिक काचेसारखा निघावा. बाबाही ठेवायचे, आणि आई म्हणायची, ती बादली आधी गोठ्यात न्या. पण कार्बोनेट म्हटलं की ते ॲसिडमध्ये फसफसून जाणारच ना — तुम्ही चुना घालवायला गेलात आणि चुन्यासोबत हेही गेलं. सांगून गेले होते मी, त्याला हात लावू नका. तुम्ही म्हणे उर्बानला म्हणालात, पोरीचे प्राध्यापक यायचेत, त्यांच्यापुढं असा मळका दगड कसा ठेवायचा? उर्बाननंच सांगितलं मला, बिअर पिताना, हसत हसत. म्हणजे केलंत ते माझ्यासाठीच. म्हणून तर मला धड ओरडताही येत नाही तुमच्यावर.

दुसरा तुकडा? कुठला असणार? आधी मी कणभर नेला होता, तो तपासणीत पूड होऊन संपला. आकडे आहेत, दगड नाही. प्राध्यापक म्हणाले, रेगुला, आकडे सुरेख आहेत, आता जागेवरून काढलेला नमुना दाखव. रास्तच आहे त्यांचं. मीही तेच मागितलं असतं. शुक्रवारी येतायत ते. नमुना असला तर माझा प्रबंध उभा राहतो, नसला तर ती नुसती एक ऐकीव गोष्ट — आणि जागा कुठली, ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. वरच्या कड्यातली बाबांची भेग, जिथून ते स्फटिक काढायचे.

रिवाज मला शिकवू नका — तुम्ही शिकवत नाही आहात, मीच बोलतेय, बरं. भेगेच्या तोंडाशी ज्याची अवजारं, त्याची भेग. दुसऱ्यानं आत हात घातला तर तो चोर, मग ती सख्खी मुलगी का असेना. मान्य. पण रिवाजाचं दुसरं अंग कुणी सांगायचं? जो तिथं खणत नाही, त्याचा हक्क उरत नाही. बाबा जाऊन हा दुसरा उन्हाळा. त्यांची पहार, त्यांचा हातोडा, सगळं अजून तिथंच. गंजलंय का? नाही. का नाही? कारण बर्फ वितळला की तुम्ही वर जाता — या वयात, त्या गुडघ्यानं — पुसता, चरबी लावता, आणि खाली येऊन खानावळीत सांगता की टेओडुलचं, म्हणजे बाबांचं, काम चालू आहे. आणि सगळं गाव मान डोलावतं. उर्बानसुद्धा, जो दुसऱ्याच्या ताटातला चीजचा तुकडा सोडत नाही, तो उर्बान. गेलेल्या माणसाचं काम चालू आहे म्हणे. मी तर्कानं कितीही बघितलं तरी हे मला कुठं बसवता येत नाही, काका.

आता अवजारं उचलायचा अधिकार थोरल्या भावाचा, म्हणजे तुमचा, तोही चारचौघांदेखत. एकदा उचलली की त्या नावानं पुन्हा ठेवता येत नाहीत, हेही ठाऊक आहे मला. तेवढंच मागतेय. स्फटिक नकोत, भेग नको, एक कण हवाय. बाबांना आवडलंच असतं की — म्हणजे असं गृहीत धरता येणार नाही, पण शक्यता मोठी आहे.

असे काय बघताय? चोरून आणायचा असता तर आणला नसता का? रविवारी तुम्ही प्रार्थनेला होतात तेव्हा मी वरच होते. हो, एकटी. छिन्नी होती खिशात. आत हात घातला की डाव्या भिंतीला तो पिवळा थर आहे, अजून आहे, बोटाला लागतो. दोन ठोक्यांचं काम. कड्यावर चिटपाखरू नव्हतं. पहार जरा कलली होती — पावसानं खालची माती गेली असावी, निदान तसं दिसत होतं — ती मी सरळ केली. खाली दगड लावला. हातोडा उचलून बघितला. दांड्यावर बाबांचा अंगठा यायचा तिथं लाकूड दबलंय ना, त्यात माझा अंगठा हलतो, मोठी पडते ती जागा मला. मग बसले तिथंच. राय धान्याचा पाव नेला होता, तो खाल्ला. अर्धा खाल्ला. अर्धा तिथं ठेवला, का ते विचारू नका. पक्ष्यांसाठी. ते जाऊ द्या, त्याचा इथं काही संबंध नाही. मुद्दा असा, की शास्त्राच्या दृष्टीनं मूळ जागेचा नमुना —

काय? ती मान कशाला हलवलीत? अवजारं उचलता? शुक्रवारी? उर्बानला, पाद्रीबाबांना बोलावून, प्राध्यापकांसमोर? काका, सकाळपासून मी घसा कोरडा करतेय, आणि तुम्ही नुसती मान हलवून —

थांबा. टोपी ठेवा ती. उर्बानकडं जायची घाई नाही. शुक्रवारी नको. शुक्रवारी मी बघते काय सांगायचं ते. लिहीन, की मूळ जागेवरून नमुना घेता आला नाही. तेवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही, माहितेय मला, सगळं माहितेय. तुम्ही उचलू नका बाबांची अवजारं, राहू देत तिथंच. नाही, रडत नाहीये मी, काही सांगायचं नाहीये मला आता, आणि तुम्हीही तोंड उघडू नका — इतका वेळ एक शब्द बोलला नाहीत ना, मग आत्ताच नका बोलू. जा. गाईंचं बघा जा.