अर्ध्यावर सोडू नका

मला फार शिस्तीची समजता ना, मग हे ऐका. आम्हा डॉक्टरांना दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नवं करायला पॉइंट लागतात, आणि ते लेक्चरांना बसून मिळवावे लागतात. परवा नाशिकला असाच दिवसभराचा कार्यक्रम होता. मी सकाळ-दुपारच्या सह्या एकदमच ठोकल्या, जेवले आणि गुपचूप गाडी काढली. गेटवर वॉचमन आडवा आला.

"म्याडम, मी सोमनाथ. विंचूरचा, टीबीवाला."

"अरे! तब्येत कशी आहे?"

"एकदम झकास. पण तुमचं पाचपर्यंत हाय ना?"

"मला येतं रे ते सगळं."

"मी बी दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या व्हत्या. म्हणलं, बरं वाटतंय. तवा तुम्ही घरी येऊन आईसमोर लय झापलं, म्हणून आज इथं उभा हाय. गाडी मागं घ्या."

घेतली मागे. दुपारचं पहिलंच लेक्चर टीबीच्या नव्या औषधांवर निघालं. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी गेटवर त्याने कडक सलाम ठोकला. मी गाडीतून उतरून हात जोडले.