मशीन थांबली का फोन येतो

शहापूरच्या दुरुस्तीच्या दुकानात मीना मांडीवर मिक्सर घेऊन कधीची बसली होती. पुढच्या म्हातारीचं आणि भगीरथ मेकॅनिकचं काही आटपत नव्हतं.

"काकी, भांडी धुवायची मशीन तापून बंद पडते ना? दिवसातून कितीदा लावता?"

"चारदा. कधी पाचदा."

"घरात मानसं किती?"

"मी एकटीच."

"मग एवढी भांडी कुठली?"

"एक ताट, एक पेला. तेच परत ठेवते."

"धुतलेलं?"

"मशीन थांबली का लेकीच्या मोबाइलवर मेसेज जातो. मी जेवले समजून ती तिकडून फोन करते. आये, काय खाल्लंस, इचारते."

"मग तुमीच करा ना फोन."

"मी केला का म्हनते, कामात हाय, मागनं करते."

मीनानं मिक्सर मांडीवरून खाली ठेवला.

"काकी, एकामागं एक लावली का ती तापनारच. थंड व्हायला टाइम द्या. दिवसातून एकदाच लावा."

"एकदाच?"

"एकदाच."

"मग तूच सांग रे, कधी लावू? ती मोकळी कधी असते, ते मला नाय ठावं."