विलायतेसाठी बांधलेली मोळी

— नाही, डफाले हात नका लावू साहेब. आधी तापू द्या. थंडा डफ कायचा वाजते? विलायतेच्या त्या जत्रेतही हेच सांगून राह्यलो होतो, आयकलं कोणी? तांड्यावरून आम्ही दोघं भाऊ पहिल्यांदा विमानात बसलो — तुमीच नेलं, थोरल्या भियाले म्हणले, 'धावजी, तुझ्या होळीच्या गाण्यावर, लेंगीवर, गोरे नाचतील' — नाचले न! चिखलात नाचले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गालाले चमकी, हातात दारू. वावरंच वावरं, पण सारी तंबूंनी भरलेली. भिया म्हणे, "देवल्या, एवढं रान अन् कपाशीची एक वाळली पऱ्हाटी नाही लेका, डफ कायवर तापवू?" वरून झिमझिम, कातडं पार ढिलं. मंग त्यानं तंबूमागची लाकडी पाटी तोडून जाळ केला. आमच्या होळीत जाळाशिवाय डफ वाजतच नाही, तिथं जाळ म्हणजे गुन्हा हे त्याले काय माहीत? तिथला राखणदार, तो पिवळ्या जाकिटवाला, आला, लाथेनं जाळ उडवला — निखारा भियाच्या पायावर. मी डोकंच हाणलं त्याच्या नाकावर. रक्त आलं. अजून हाणलं असतं. तुमी काय म्हणले? 'माफी माग, देवीलाल.' अन् हात कोणी जोडले? भियानं. भाजल्या पायानं उभं राहून.

मंग वाजवला तसाच, वल्या पोत्यावानी, भद भद. तरी टाळ्या! येताना भिया विमानात डफच पुसत बसला. तांडा दिसला तवा हसला — "आवाज नव्हता तरी टाळ्या देल्या त्यायनं. पुढच्या वर्षी खरा आयकवू. पऱ्हाट्या घरून नेऊ." हसू नका साहेब, खरंच बांधली त्यानं मोळी, पावसात भिजू नये म्हणून आढ्याले टांगली. हीच जळून राह्यली ही. कायले ठेवू आता?

फवारणीले गेलता तो. विठ्ठलरावाच्या कपाशीत. डोक्याच्या वर गेलती पऱ्हाटी त्या साली, विषाचा फवारा उलटून तोंडावर येये. ना तोंडाले फडकं, ना हातात मोजे. संध्याकाळी घरी आला, म्हणे, "देवल्या, दिवा लाव." दिवा लागलेलाच होता. यवतमाळच्या दवाखान्यात झटके देये म्हणून हात बांधले त्याचे खाटेले — डफ वाजवणारे हात! — अन् मेला. 'गेला' नका म्हणू. मेला. मी गेलो विठ्ठलरावाच्या खळ्यात, कुऱ्हाडीनं फवारणीचा पंप फोडला. तो मधात आला असता तर त्यालेही फोडला असता. नाही आला, पळाला. ठाण्यात मले पट्ट्यानं झोडलं, अन् वरून काय म्हणतात? 'माफी माग.' सारे एकच शब्द शिकून आले काय?

अन् आता तुमी. 'भावाच्या जागी तू ये, त्याचाच डफ घे, मांडवात त्याचा मोठा फोटो लावू.' या, पाहा न, कसा तापवतात. असा धरायचा, असा फिरवायचा. मले एवढंच येते. कवा काढायचा ते भिया सांगे. टिचकी मारे, कान लावे, "काढ बे आता." जरासा उशीर झाला की कातडं गेलं.

काय? वास येते? येते न. धूरही निघून राह्यला, दिसते मले. नाही काढत. त्यानं म्हटल्याबिगर कसा काढू? ओरडू नका! हात मागं घ्या, त्या जाकिटवाल्यावानी नाक फोडीन — बसा! चूप! आयका... आयका न...

फाटलं.

न्या आता. न्या तुमच्या जत्रेत. टाळ्या तर देतातच ते. उठा. निघा.