दुकानावर धाड

काय सांगू, हसावं की भांडावं! नंदुरबारच्या आमच्या भास्करआप्पाने मिरचीच्या धंद्यात सॉफ्टवेअर आणलं. गिऱ्हाइकाने फोनवर बोलायचं, ते शुद्ध मराठीत ड्रायव्हरच्या मोबाइलवर जाणार. झकास चाललं होतं!

म्हसावदच्या दुकानदाराचा ऐन बाजाराच्या सकाळी मिरची संपल्याचा फोन आला, "आप्पा, मिरची सरी गई, दुकानवर गाडी धाड!"

ड्रायव्हरला मेसेज गेला, "दुकानावर धाड पडली आहे."

तिकडे बाजार उठायला आला, गाडीचा पत्ता नाही. आप्पाने ड्रायव्हरला विचारलं, "कोठे शे रे?"

गाडी उसात लपवून तो कुजबुजला, "आप्पा, तुम्हीबी दपी जा!"

पुण्याचा इंजिनिअर म्हणतो, "गिऱ्हाइकांना शुद्ध बोलायला सांगा."

मी कडाडलो, "शुद्धच हवं ना? मग सांग, तुझ्या सॉफ्टवेअरला काय धाड भरली होती?"