मधलं नाव

एकोणीसशे अठ्ठावन्न साली जर्मनीतल्या आखनच्या पोस्टात आत्माराम रांगेत उभा होता. पुढच्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं आणि त्याचं रांगेतलं कंटाळणंच थांबलं.

"अहो, स्पर्धेच्या फॉर्मवर माझं नाव कशाला? इंजिनिअर तुम्ही."

"पंपाची झडप अडकत होती, तेव्हा अंबाड्यातला आकडा काढून, वाकवून कुणी दाखवला?"

"आकडाच तो! ड्रॉइंग तुम्हीच केलंत ना?"

"रेघा मी ओढल्या. कल्पना तुझी."

"जिंकलो तर डिझाइन आपलंच राहील?"

"नाही गं. नियमच आहे, ते स्पर्धा घेणाऱ्या कारखान्याचं होणार. आपल्याकडे फक्त नाव उरतं. तेवढं छापतात."

"मग तर तुमचंच हवं."

"उरणारं एकच, आणि तेही मीच घेऊ?"

तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

"बरं. पण पूर्ण लिहा. मधल्या नावासकट."

"सांग, लिहितो."

"छे! मी नाही घ्यायची तुमचं नाव. लग्नात घेतलं तेवढं पुरे."

त्याने हसत फॉर्म भरला, पाकीट चिकटवलं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"आब्झेंडर?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"पाठवणाऱ्याचं नाव विचारतोय," नवरा म्हणाला आणि ओठ मिटून उभा राहिला.

तिने पदर सावरला.

"मालिनी... मालिनी यशवंत करंदीकर."

"बिटे?" कारकुनाने कानाशी हात नेला.

मग तिने ते पुन्हा सांगितलं, अख्ख्या पोस्टाला ऐकू जाईल असं.