वांगीभाताचं झाकण

मी मूळचा भिवापूरचा. आमचं तिथं मिरचीचं दुकान, आता मोठा भाऊ पाहते ते. बाबा वावरात पानगे करत. कणकेच्या गोळ्याखाली पळसाचं पान, वर पळसाचं पान, आणि ठेवलं निखाऱ्यात. झाकण कोणाकडं होतं जी.

नागपुरात मिहानमधल्या कंपनीतली नोकरी गेली तेव्हापासून घरी स्वयंपाक मीच करतो. बायको रामदासपेठेत दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर उभी राहते. पहिले काही महिने तर मी नुसता पलंगावर पडून, आणि ती घरी येऊन पोळ्या लाटे. त्याची लाज आजही वाटते मले, खोटं काहून बोलू. म्हणून स्वयंपाक हाती घेतला, आणि घेतला तो घेतला.

तं एका रविवारी दादा आला मले न्याले. दुकानात बस म्हणे, बायकोची कमाई खात कितीक दिवस भांडे घासशील गा. मी म्हटलं आधी जेव. ओव्हनमध्ये वांगीभात लावाचा होता, तांदूळ अर्धा कच्चा, वाफ कोंडली तरच शिजते, आणि फॉइल पाहतो तं हाती नुसती पुठ्ठ्याची नळी. कढईचं झाकण ठेवलं तं त्याची काळी मूठ वितळली, घरभर वास. दादा खोकलत हसे, म्हणे बांगड्या भरल्यानं स्वयंपाक येत नाही. तेवढ्यात बायकोचा ड्यूटीवरून फोन, बाहेरून मागवून घ्या ना जी. म्हटलं नाही वं, आज बाहेरून आलं तं मी दुकानात गेलोच समज.

काय सांगू तुमाले, तेव्हा बाबाचे पानगे आठवले. पण चौथ्या माळ्यावर पळस कुठून आणू? मग स्टीलचं ताट उलटं ठेवलं, कणीक मळली आणि ताटाच्या कडेनं दाबून दाबून लावली. जराशीही फट ठेवली नाही.

ते कणकेचं कडं फोडलं तं वाफ दादाच्या चष्म्यावर. भात मोकळा, वांगं मऊ. दादा घेत गेला, घेत गेला, शेवटी ती करपलेली कणीकही मोडून खाल्ली. बाबा आठवला असन त्याले. तरी हात धुतल्यावर म्हणे, सकाळच्या गाडीनं चाल.

मी म्हटलं, दादा, मी दुकानात येत नाही. तूच जेवाले येत जा.

रागानं गेला. जाऊ द्या, त्याचं दुकान भरभरून चालो. बायकोनं नवं फॉइल आणलं, ते तसंच पडून आहे. तुम्ही बसा जी, जेवूनच जा. कणीक मळून राहिलो.