नुसता ‘संत्रा’

मी बोलत नाही म्हणून तुम्ही हसता ना, मग हे ऐका. सौंसरला आमच्या नर्सरीत संत्र्याच्या कलमा विकल्या जात नव्हत्या, म्हणून मालकांच्या पुतण्याने, प्रशांतदादाने, नेटवर जाहिरात टाकली. लोकांनी कोणता शब्द शोधला की ती दिसावी, तर शब्द दिला नुसता ‘संत्रा’. फोन मी उचलायचो.

“संत्रा हाय का भाऊ?”

“हाय ना. किती देऊ?”

“दोन.”

“दोनानं काय होते? दोनशे तरी न्या.”

“दोनशे? माह्या घरी वरात हाय का बे? दोन क्वार्टर दे!”

नागपूरकडून दिवसभर असेच फोन. तिकडं देशी दारूलाही संत्राच म्हणतात. जाहिरातीवर कोणी बोट लावलं की आपले पैसे जायचे. मालक भडकले, “बंद करून टाक थे जाहिरात!”

मी आठवी नापास, पण कलमा मीच बांधतो. हळूच म्हणालो, “दादा, शेतकरी नुसतं संत्रा नाही म्हणत. ‘संत्र्याच्या कलमा’ टाकून पाहा ना.”

दुसऱ्या दिवशी मोहगावहून फोन आला. “पाचशे पाहिजे.”

मी घाबरतच विचारलं, “कलमाच ना भाऊ?”

“मंग? दारू इकून राहिले का तुम्ही?”

आता प्रशांतदादा मला विचारल्याशिवाय जाहिरातीत एक शब्द टाकत नाही.